चालेलवहिनीचा नवा चष्मा

माझ्या वहिनीला आमची अख्खी गल्ली चालेलवहिनी म्हणते. हे नाव मी ठेवलं आणि ते थेट पोस्टमनपर्यंत पोचलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

"वहिनी, खिडकी उघडू का?" "चालेल." "वारा फार येतोय, लावून घेऊ?" "चालेल." एकदा मी वैतागून विचारलं, "तुला उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवू का?" तर फडक्याने काच पुसता पुसता ती म्हणाली, "चालेल, पण एवढं गिऱ्हाईक होऊ द्या वन्सं."

घराच्या तळमजल्यावर आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत वहिनी लोकांचे नंबर काढते आणि फ्रेमा दाखवते. मागच्या खोलीत माझा भाऊ, म्हणजे दादा, फ्रेमच्या मापाने काचा घासतो. तो दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं बोलतो आणि त्यातली निम्मी मशीनला उद्देशून असतात. मी वरच्या मजल्यावर राहते. नोकरी संपल्यापासून दुपारी दुकानातल्या बाकावर बसते आणि लोकांना न मागता सल्ला देते. "ही नको हो, हिच्यात तुम्ही रागावलेल्या घुबडासारखे दिसता." माझ्यामुळे गिऱ्हाइकं पळतात असं दादाचं म्हणणं आहे. वहिनीचं म्हणणं काय असेल ते तुम्हीच ओळखा.

पण कामाला बसली की वहिनी वेगळीच बाई. समोरच्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायची, "आता बरं दिसतंय, का मघाशी?" काही माणसं फार भिडस्त असतात. ती म्हणतात, "दोन्ही छानच आहे हो." की वहिनीचा आवाज बदललाच. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. डोळे तुमचे आहेत." भली भली माणसं सरळ होऊन बसायची आणि खरं काय ते सांगायची. मी बाकावरून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मला ते झोपेतही म्हणता येईल.

घरात मात्र ही बाई स्वतःसाठी ते वाक्य कधी वापरायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत दादाने विचारलं होतं, "डोंगरावर जायचं की समुद्रावर?" "काहीही चालेल." दादाला वाटलं, हिला शांतता आवडत असणार, म्हणून त्याने डोंगर धरला. मग वर्षानुवर्षं दोघं त्याच डोंगरावर, त्याच खोलीत, त्याच ढेकणांच्या सहवासात सुट्टी काढून यायचे. पुढे कळलं की दादाला चढावर धाप लागते आणि वहिनीला उंचीची भीती वाटते. दोघंही एकमेकांसाठी जात होते!

लोक म्हणायचे, किती साधी बाई, कसलं म्हणून मागणं नाही. मला मात्र तिचा राग यायचा. जिला काहीच नको असतं तिला द्यायचं तरी काय? तिचे लाड करता येत नाहीत, तिच्याशी धड भांडताही येत नाही. मी हौसेने माझा खास कडक चहा करून तिच्यापुढे ठेवायचे आणि "कसा झालाय?" विचारायचे. उत्तर ठरलेलं. आपण काही करतोय ते हिच्यापर्यंत पोचतंय की नाही, हेच कळायचं नाही. एकदा मी तिला विचारलं होतं, असं का गं तुझं? ती म्हणाली, "आमच्या घरी खाणारी तोंडं खूप होती. जे मूल हट्ट करायचं नाही त्याला शहाणं म्हणायचे. मी सगळ्यांत शहाणी होते." एवढं सांगून ती फ्रेमा लावायला निघून गेली.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिचं नाव पडलं बारकी. आता तिला मागच्या खोलीत शिरायचं तर मान वाकवावी लागते, पण नाव काही वाढलं नाही. बारकी डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी निघाली, तेव्हा बसमध्ये चढताना तिने विचारलं, "आई, येऊ का मग?" "चालेल," वहिनी म्हणाली. बारकी आत जाऊन बसली आणि बस सुटली तरी तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, काय बाई ही आजकालची मुलं, आतड्याची माया म्हणून नाही. वहिनी मात्र घरी येऊन संध्याकाळपर्यंत एकच शोकेस पुसत बसली.

शिक्षण संपवून बारकी परत आली ती डोळ्यात उजेड टाकून बघायचं छोटं यंत्र घेऊन. त्या उजेडावरून म्हणे माणसाने तोंड उघडायच्या आधीच नंबराचा अंदाज येतो. आल्या आल्या तिने जाहीर केलं, "माझा पहिला नंबर आईचा. तिचा तो जुनापुराणा चष्मा मला बघवत नाही." खरंच त्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. चष्म्याच्या दुकानाची मालकीण, आणि हा थाट!

मी बाकावरच होते. बारकीने आईला खुर्चीत बसवलं, यंत्राने डोळ्यात पाहिलं, मग ती गोल फ्रेम चढवून काचा बदलायला लागली. "आता बरं का मघाशी?" "आता." "आणि आता?" "आता जास्त बरं." "आता?" "वा, छानच." बारकी फुलत चालली होती. शेवटी तिने तक्त्यावरची सगळ्यांत खालची, मुंगीएवढी ओळ वाचायला सांगितली. वहिनीने ती धडाधडा म्हणून दाखवली. बारकीने टाळीच वाजवली. दादाने मोठ्या प्रेमाने काचा घासल्या. नंबर बघून तो "एवढा?" असं म्हणाला खरा, पण त्याच्या दहा वाक्यांचा कोटा बहुधा तिथेच संपला.

नवा चष्मा आला आणि घरात विनोद सुरू झाले. वहिनी फ्रेमा लावायच्या प्लास्टिकच्या डोक्याला म्हणाली, "बसा ना काका." पेल्याशेजारी टेबलावर पाणी ओतलं. दुकानाची पायरी उतरताना ती कोंबडीसारखा पाय उंच उचलून टाकायला लागली. संध्याकाळी कपाळ चोळत बसायची. मी विचारलं, "वहिनी, चष्मा बरोबर आहे ना?"

"आहे की. सवय व्हायला वेळ लागतोय थोडा. चालेल."

तेवढ्यात बारकीला एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. नोकरी होती, पगार बरा होता, पण गाव लांब. आठवडाभरात उत्तर कळवायचं होतं. सकाळी सगळे टेबलाभोवती बसलेले असताना तिने विचारलं, "आई, मी जाऊ, का इथेच तुझ्याबरोबर दुकानात बसू?"

पोरीने किती जीव गोळा करून विचारलं होतं ते मला तिच्या आवाजावरून कळलं. दादाचाही घास हातातच थांबला. वहिनीने पावाला लोणी लावायचं काम सोडलं नाही. "तुला बरं वाटेल ते कर. मला काहीही चालेल."

बारकीचा चेहरा असा पडला की मलाच रडू यायला लागलं. नंतर जिन्यात ती मला म्हणाली, "आत्या, मी राहिले काय, गेले काय, तिला काही फरकच पडत नाही गं." मला वहिनीचा भयंकर संताप आला.

त्याच दुपारी एक गृहस्थ चष्म्याचा स्क्रू निघाला म्हणून आले. मोहरीएवढा स्क्रू. वहिनी दोनदा चाचपडली, मग "पेचकस शोधते हं" म्हणत कपाटाकडे वळली आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून तिने खिशातून दोरा बांधलेला जुना चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. स्क्रू एका फटक्यात बसला. गृहस्थ खूश होऊन गेले. पण मागच्या दारात काचांचा खोका हातात घेऊन बारकी उभी होती.

"आई, हा कुठला चष्मा?"

"हा? असाच गं. खिशात राहून गेला."

"कधीपासून घालतेस चोरून?"

"चोरून कसलं? तुझाही चांगलाच आहे. चालतोय."

"चालतोय?" बारकीने खोका खाली ठेवला. "माझा पहिला नंबर, माझ्या आईचा, आणि तो मला काढता आला नाही. मी काय त्या दवाखान्यात जाऊन परक्यांच्या डोळ्यांशी खेळू? उद्या त्यांना नाही म्हणून कळवते. मी मागे बाबांबरोबर काचा घाशीन. त्यात कुणाचं नुकसान नाही." आणि ती मान वाकवायची विसरली, चौकटीवर कपाळ आपटलं आणि ती तशीच आत गेली.

थोड्या वेळाने वहिनी माझ्याकडे वर आली. ती कामाच्या वेळात दुकान सोडून कधी येत नाही, म्हणून मी आधी चहा टाकला. ती कपाकडे बघत बसून राहिली.

"आता तर ती राहतेच आहे," मी टोमणा मारला. "तुला काय, तेही चालेल."

"वन्सं, मला ती इथेच हवी होती," वहिनी म्हणाली.

मी किटली खाली ठेवली. इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून 'हवी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ती शिकायला गेली तेव्हापासून मी वाट बघतेय. तिने विचारलं तेव्हा 'राहा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मला वाटलं, आपण मागितलं तर पोर अडकेल. आणि आता ती राहतेय. मला फक्त गप्प बसायचंय. ते तर मला फार छान जमतं." तिने डोळे पुसले. "पण नंबर तिचा चुकलेला नाही. माझा चुकलाय. आणि आपल्याला काही येत नाही असं समजून ती घाबरून माझ्याजवळ बसणार असेल, तर ते मला नकोय."

"काय?"

"नकोय म्हटलं." स्वतःचाच आवाज ऐकून ती जरा दचकली. मग धीर आल्यासारखं म्हणाली, "आणि वन्सं, हा चहाही मला आवडत नाही. फार कडू होतो. मला कॉफी आवडते."

इतकी वर्षं! पिंपभर चहा पाजला असेल मी तिला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच वेळी मला तिला मिठी मारावीशी वाटली. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला विचारू नका. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि खाली नेलं.

बारकी मशीनपाशी बसली होती. घासत काहीच नव्हती. वहिनी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुझं तपासणं बरोबर होतं. मी उत्तरं खोटी दिली."

"म्हणजे?"

"तू नवी काच घातलीस की तुझ्या भुवया वर जायच्या. तुला केवढी आशा असायची! मी तक्त्याकडे बघतच नव्हते गं. तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणत होते."

"पण तू शेवटची ओळ वाचलीस!"

"त्या तक्त्यासमोर माझा जन्म गेलाय. तो मला उलटासुद्धा पाठ आहे."

मशीनमागून कसला तरी विचित्र आवाज आला. दादा हसत होता. बारकीला मात्र हसू आलं नाही. "माझ्या यंत्राने वेगळाच नंबर दाखवला होता, आई. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण म्हटलं, आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ती सांगते तेच खरं धरू." म्हणजे आईने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही आणि लेकीने स्वतःच्या यंत्रावर. दोघी एकाच माळेचे मणी! "असं का केलंस तू?" बारकीने विचारलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता? आता मला फार बरं वाटतंय का?"

वहिनी मान खाली घालून म्हणाली, "पुन्हा तपास. या वेळी खरं सांगते."

बारकीने जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या शाईने नवी अक्षरं काढली, मोठ्यापासून मुंगीएवढ्यापर्यंत, आणि ते पान जुन्या तक्त्यावर चिकटवलं. आईला खुर्चीत बसवून फ्रेम चढवली. "हे बघ आई, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. डोळे तुझे आहेत."

आपलंच वाक्य अंगावर आलेलं बघून वहिनी खुर्चीत सरळ होऊन बसली.

"आता बरं, का मघाशी?"

"दोन्ही तसं..." मी बाकावरून जोरात खाकरले. "मघाशी," वहिनी घाईने म्हणाली. तिच्या कपाळावर चक्क घाम आला होता. पुढची काच. "मघाशी." पुढची. "आता. नाही, थांब, नीट बघू दे. हो, आता." हळूहळू बाईला चव लागायला लागली. "शी, ही भयंकर आहे. काढ आधी." दादा दारात येऊन उभा राहिला. "शेवटची ओळ?" बारकीने विचारलं.

"दिसत नाही," वहिनी म्हणाली, आणि एखादं बक्षीस मिळाल्यासारखी आमच्याकडे बघून हसली.

नंबर निघाला तो अगदी बारकीच्या यंत्राने पहिल्या दिवशी दाखवलेलाच. बारकी तो बघून स्टुलावर बसली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "आणि तेवढंच हेही खरं सांग. मी जाऊ, का राहू?"

वहिनीच्या नाकावर ती जड फ्रेम तशीच होती आणि तिच्यातून तिचे डोळे बशीएवढे दिसत होते. "मला तू इथे हवी आहेस," ती म्हणाली. "सकाळी दुकान उघडताना तू शेजारी असलीस की माझा दिवस चांगला जातो. हे झालं माझं. तू आता माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तुझं तू सांग."

बारकी उठली आणि आईकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानाकडे बघत म्हणाली, "मला जायचंय, आई. खूप जायचंय. आणि मला इतके दिवस वाटत होतं की तुला मी नकोच आहे."

पुढे त्या दोघी बराच वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. फ्रेम मध्ये टोचत होती तरी कुणी काढली नाही. एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, त्याला मी परत पाठवलं. या वेळी दादाने तक्रार केली नाही.

बारकी जायच्या आधी काही दिवस मिळाले, त्यात वहिनीचा सराव चालला होता. साध्या साध्या गोष्टीपुढे ती थांबायची, डोळे मिटायची आणि स्वतःलाच पुटपुटत विचारायची, "हे बरं, का ते?" आम्ही ताटकळत उभे. कधी उत्तर यायचं, कधी यायचं नाही. एकदा दादाने विचारलं, "आज काय करायचं जेवायला?" तर ती म्हणाली, "बटाटे. आणि अहो, ते तुम्ही सोला." दादा इतका खूश झाला की त्याने लागतील त्याच्या दुप्पट बटाटे सोलले. या वर्षी ते समुद्रावर जाणार आहेत. माझ्या घरी तिच्यासाठी कॉफीचा डबा आला आहे. माझा चहा कडू होतो हे मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि यावर आम्ही दोघी जवळजवळ रोज भांडतो. इतकी मजा पूर्वी कधी आली नव्हती.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे बसथांब्यावर गेलो. तोच थांबा, तशीच गर्दी. बारकीने बॅग वर चढवली, पायरीवर एक पाय ठेवला आणि सवयीने विचारलं, "आई, येऊ का मग?"

"मला अजिबात चालत नाहीये," वहिनी म्हणाली. चांगली मोठ्याने, चार लोकांनी वळून बघावं इतक्या. "मला रोज तुझी आठवण येणार आहे. जा आता, बस सुटेल."

बारकी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मागच्या प्रवाशाने ढकललं तेव्हा आत गेली. बस सुटली तशी ती खिडकीतून अर्धी बाहेर आली. कंडक्टर आतून ओरडत होता, पण ती हात हलवत मागे बघत राहिली.

बस लांब गेली, खिडक्या पुसट झाल्या, माझ्या डोळ्यांना तर नुसती धूळ दिसायला लागली. वहिनीने नवा चष्मा नाकावर नीट बसवला.

"दिसतेय का गं अजून?" मी विचारलं.

"दिसतेय," ती म्हणाली. "अजून मागेच बघतेय."